मागून हाक

"अगं, मग हाक का नाही मारलीस?"

सुहासिनी माझ्या शेजारी येऊन बसली, गाडीचं दार ओढून घेतलं आणि वर्गात राहिलेला गेटपास मांडीवर ठेवला. पासवर एका चिनी माणसाचा फोटो होता. लिउ त्याचं नाव. फोटोतसुद्धा तो आता कुणीतरी रागावणार असल्यासारखा बघत होता.

समोर सुलैबियाच्या कामगार कॅम्पच्या फाटकातून बाहेर पडलेली बस धुळीत दिसेनाशी झाली होती. मी मघापासून गाडीत बसून सगळं बघत होतो. बस सुरू झाली तशी ही वर्गाच्या पत्र्याच्या खोलीतून हातात काहीतरी घेऊन धावत आली. शहाण्या माणसाने अशा वेळी बोंब मारायची असते. हिने तोंड घट्ट मिटलं आणि बसला वळसा घालून पुढे पोचायचा प्रयत्न केला. पन्नाशी उलटलेली बाई आणि सुलैबियाचा बसड्रायव्हर, यांच्यात कोण जिंकणार ते काय सांगायला हवं?

"मागून कशी हाक मारणार?" ती शेवटी म्हणाली. "परीक्षेला निघाला होता तो."

मी पेट्रोकेमिकलमध्ये उभा जन्म काढलेला इंजिनिअर. मी गाडी सुरू केली.

परीक्षेचं आधी सांगायला हवं. सुहासिनी एका कंत्राटदाराच्या चिनी कामगारांना इंग्रजी शिकवत होती. नाशिकला ती मुलींच्या शाळेत इंग्रजीच शिकवायची. लग्न झालं, ती नोकरी सोडून माझ्यामागे कुवेतला आली, इथल्या एका भारतीय शाळेत लागली, आणि पुढे त्या शाळेला तरुण शिक्षिका हव्याशा वाटायला लागल्या. घरात बसून माझ्यावर मास्तरकी करण्यापेक्षा बरं म्हणून तिने हे काम धरलं. तेलकंपनीच्या आवारात क्रेन चालवायची तर ऑपरेटरला रेडिओवरचं इंग्रजी समजलं पाहिजे, आणि समजतंय हे तोंडी परीक्षेत दाखवता आलं पाहिजे, असा नियम आहे. नियम योग्यच आहे. डोक्यावर लोखंड लटकत असताना कुणी "काय म्हणालात?" असं विचारू नये.

बाकीचे ऑपरेटर एकेक करून पास होत होते. लिउ दोनदा नापास झाला होता. क्रेन तो उत्तम चालवायचा, पण परीक्षकासमोर बसला की त्याची दातखीळ बसायची. आज तिसरी खेप होती, शेवटची. आज हुकलं की घरचं तिकीट, असं कंत्राटदाराने त्याला स्वच्छ सांगितलं होतं. सुहासिनीचीही ही शेवटचीच तुकडी होती. जूनअखेर माझी नोकरी संपत होती आणि नोकरीबरोबर इथे राहायचा परवानाही. आपल्या वर्गातला एकही गडी मागे ठेवून जायचं नाही, असं तिने मनाशी घेतलं होतं.

"हरीशला फोन लाव," मी म्हणालो.

हरीश हा कंत्राटदाराचा ट्रेनिंग बघणारा मुलगा, मूळचा नांदेडचा. तो बसमध्येच होता.

"मॅडम, बस नाही थांबवता येणार बघा," फोनमधून त्याचा आवाज आला. "उशीर झाला तर सगळ्यांचंच राहून जाईल. पासाशिवाय गेटवर कुणाला सोडत न्हाईत. तुम्ही पास घेऊन थेट तेलकंपनीच्या गेटवर या. या धुळीत जपून या, पण लवकर या."

"लिउला फोन द्या."

कामगारांचे फोन परीक्षेच्या दिवशी कॅम्पवरच ठेवायचे असतात, म्हणून हरीशने स्वतःचा त्याच्या हातात दिला.

"टीचर," लिउ म्हणाला, आणि पुढे नुसता श्वास ऐकू आला.

"मी येतेय तुझा पास घेऊन," सुहासिनी इंग्रजीत म्हणाली. "तू फक्त उजळणी कर. सांग बघू, होल्ड म्हणजे काय?"

पलीकडे त्याने तो शब्द नुसताच दोनदा म्हटला.

"टीचर, हेड एम्प्टी," तो म्हणाला. फोन बंद झाला.

सहाव्या रिंग रोडला लागलो तेव्हा समोरच्या गाडीचे फक्त दिवे दिसत होते. धुळीचं वादळ इथे नवं नाही. लोक त्याला तोज म्हणतात आणि काचा लावून कामावर जातात. पण त्या दिवशी आभाळ जमिनीवर उतरल्यासारखं झालं होतं, आणि त्यात मला घाई करायची होती. मी स्टिअरिंगवर ओणवा होऊन गाडी हाकत होतो. बाजूला ही तो पास ओढणीच्या टोकाने पुन्हा पुन्हा पुसत होती.

"त्याला येतंय हो सगळं," ती म्हणाली. "होल्ड तर त्यानेच मला शिकवला."

ते खरं होतं. त्या होल्डने आमच्या घरात चार दिवस ठाण मांडलं होतं. वर्गात तो शब्द निघाला आणि सगळेच अडले. हातात वस्तू होल्ड करतात, श्वास होल्ड करतात, मीटिंग होल्ड करतात, फोनवर माणसाला होल्ड करून ठेवतात. एरवी तोंड न उघडणारा लिउ उठून म्हणाला, आमच्याकडे हातात धरायला एक शब्द आहे, थांबायला दुसरा, कवेत घ्यायला तिसरा. इंग्रज लोक गरीब होते का? वर्ग हसला. ही मात्र तो प्रश्न घेऊन घरी आली आणि कोश काढून बसली. मी जेवायला वाढ म्हणतोय, तर हिचं आपलं चाललंय: "अहो, ऐका ना! हा शब्द मुळात गुराख्यांचा असावा म्हणतात. फार पूर्वी त्याचा अर्थ गुरांवर नजर ठेवणं, ती सांभाळणं. धरणं, थांबवणं, जवळ असणं, हे सगळं मागाहून आलं."

"म्हणजे राखणं," मी आमटीकडे बघत म्हणालो.

"हो! राखणंच!" एखादी हरवलेली किल्ली सापडावी इतका आनंद तिला झाला. आमटी त्या दिवशी मी हाताने वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर गाय काढली. चित्रकलेत आमच्याकडे सगळा आनंदच आहे. लिउ पुढे आला, त्याने ती गाय पुसली आणि मेंढ्या काढल्या. त्याच्या बापाची उत्तरेकडच्या माळावर मेंढरं होती. मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी त्याने सांगितलं, वारा सुटला की कळप बिथरतो. तेव्हा बाप मेंढ्या पकडायला धावत नाही. धावलं की त्या जास्त पळतात. बाप पुढे येतो आणि नुसता उभा राहतो. मग लिउने दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत धरले आणि तो तसा उभा राहिला. क्रेनवाल्यांची ती नेहमीची खूण. खालचा माणूस असे हात धरून उभा राहिला की वरच्याने सगळं आहे तिथेच राखायचं, हात सुटेपर्यंत काही हलवायचं नाही. "होल्ड," लिउ म्हणाला. त्या दिवशी घरी आल्यावर सुहासिनीने मला दारातच सांगितलं, "आज लिउ बोलला."

"बोलेल आजही," मी आता म्हणालो. "पण अगं, आधी आत तर जायला हवा! साधी एक हाक मारायची. कुठल्या जमान्यात राहतेस?"

"मला ओरडू नका."

"ओरडू नको तर काय करू? त्या माणसाचं पोट आहे त्याच्यावर."

"माहीत आहे मला!" ती जोरात म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "ओठांपर्यंत आली होती हाक. बाहेरच पडेना."

हे मी पूर्वी एकदा पाहिलं होतं. आमचा आलोक शिकायला कॅनडाला निघाला, तेव्हा विमानतळावर त्याचा मफलर ट्रॉलीवर राहिला. तो आत जात होता, पाठ आमच्याकडे. हिने मफलर उचलला, दोन पावलं पुढे गेली आणि तशीच उभी राहिली. चांगल्या कामाला निघालेल्याला मागून हाक मारायची नाही. आलोक तिकडेच राहिला, तिकडचाच झाला. फोन करतो, बोलतो इंग्रजीत. हाक मारली असती म्हणून काही तो परत फिरला असता असं नाही. पण तो मफलर अजून कपाटात आहे, आणि आम्ही त्याच्याबद्दल बोलत नाही.

फहाहीलच्या रस्त्याला वळलो आणि हरीशचा फोन आला.

"मॅडम, लिउला खाली उतरवलंय गेटवर. मी बाकीच्यांना घेऊन आत चाललोय, आत फोन जमा करावा लागतोय. त्याला सांगितलंय थांब म्हणून. शेवटचा नंबर त्याचा लावतो. त्याच्या आत आला तर ठीक, न्हाईतर माझ्या हातात काही न्हाई."

गेटवर पोचलो. तिथे कुणीच नव्हतं. काळ्या चष्म्याचा, तोंडाला फडकं बांधलेला एक पहारेकरी तेवढा केबिनमधून बाहेर आला.

"वो चाइनावाला?" तो म्हणाला. "मैंने बोला इधर खड़ा नहीं रहने का, साइड में जाओ. वो तो पैदल ही चला गया."

"किधर?"

त्याने धुळीकडे हात केला.

सुहासिनीने एकदम माझा दंड धरला. "तो कॅम्पला निघाला," ती म्हणाली. "संपलं असं वाटलंय त्याला. अहो, वळवा गाडी, लवकर वळवा!"

सुलैबिया काय चालत जायचं अंतर आहे? पण ज्याला आपलं सगळं संपलं असं वाटतं त्याला अंतराचं काय. मी गाडी वळवली आणि कडेकडेने हळू घेतली. मागचे लोक हॉर्न मारत होते, शिव्याही देत असतील. मला लाज वाटत होती आणि भीतीही. या धुळीत रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस ट्रकवाल्याला दिसणार नाही, हे माझ्या मनात आलं. तिच्याही आलंच असणार, कारण तिने काच पूर्ण खाली केली. गाडीत वाळू भरली.

"तो बघा!"

लोखंडी कठड्याच्या पलीकडे, आतल्या रस्त्याने पिवळं हेल्मेट चाललं होतं. पाठ आमच्याकडे, मान खाली. मी हॉर्न दाबला. पण सगळा रस्ताच हॉर्न वाजवत होता. तो कशाला बघतोय? गाडी पलीकडे नेता येत नव्हती, आणि पुढे थोड्या अंतरावर तो आतला रस्ता वळून वसाहतीत शिरत होता. तिथे वळला की गेला.

मी गाडी थांबवायच्या आत सुहासिनी उतरली. कठड्यापर्यंत धावली. तो ओलांडणं तिच्याने शक्य नव्हतं. ती तिथे कठडा धरून उभी राहिली, ओढणी वाऱ्यावर उडत होती, आणि मला पाठीमागून दिसलं की तिचे खांदे वर गेलेत आणि वरच अडकलेत. मी मनात म्हणत होतो, मार. अगं बाई, मार आता.

"लिउ!"

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, आणि संसार बराच झालाय आमचा. "लिउ! अरे थांब! मागं फिर!"

सगळं मराठीत. तो थांबला. वर्गात रागावली की ती मराठीत बोलायची, त्यामुळे आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो वळला, त्याने आम्हाला बघितलं, आणि पळत येऊन कठड्यावरून उडी मारली.

"टीचर, आय फिनिश," गाडीत बसल्यावर तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. धुळीने म्हणा.

"नॉट फिनिश," ती म्हणाली आणि पास त्याच्या हातात दिला.

मी जमेल तेवढी गाडी पळवली. मागच्या सीटवर तो पास दोन्ही हातांत धरून बसला होता. त्याने विचारलं, टीचर, तुम्ही सकाळी बसच्या बाजूने पळत होता, मी खिडकीतून पाहिलं. मला वाटलं तुम्ही टाटा करायला येताय. तुम्ही हाक का नाही मारली? आता मीही ऐकू लागलो. सुहासिनीने त्याला सोप्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. काम बिघडतं म्हणतात.

लिउने विचार केला. "फ्रंट, ओके?"

"समोरून चालते."

"बट टुडे यू कॉल बॅक."

"हो. म्हणून आता तुला खाली बसून पाणी प्यायचं आहे. दोन मिनिटं बसायचं, मग नव्याने निघायचं. म्हणजे मागची हाक पुसली जाते."

मला वाटलं गंमत करतेय. गेट आलं, मी ब्रेक मारला, लिउ दार उघडून पळायला लागला, तर हिने त्याला दंडाला धरून फुटपाथच्या कडेवर बसवलं आणि पाण्याची बाटली हातात दिली.

"सुहासिनी, वेड लागलंय का तुला? एकेक क्षण—"

"बसू द्या त्याला."

"अगं, ते दार बंद करतील!"

"बसू द्या म्हणते ना!"

तो बसला. इंजिनिअर म्हणून मी सांगतो, मला त्या वेळी ती बाटली हिसकावून फेकून द्यावीशी वाटली. लिउ पाणी पीत होता आणि बाटली त्याच्या दातांवर वाजत होती. ती त्याच्यासमोर उभी राहिली, वाऱ्याकडे पाठ करून. उजळणी नाही, उपदेश नाही. हळूहळू बाटली वाजायची थांबली. त्याने झाकण लावलं, तोंड पुसलं आणि तो उठला.

"गो," ती म्हणाली.

तो गेला. मग आम्ही गाडीत बसून राहिलो. एसी लावला होता तरी मला घाम येत होता. ही समोर बघत होती. मी एकदा घड्याळाकडे पाहिलं तर म्हणाली, "त्याच्याकडे बघून काय होणार आहे?" आणि मग स्वतःच वाकून बघितलं.

दुपारी हरीशचा फोन आला. आधी तो नुसताच हसत होता, त्यामुळे आम्हाला काही कळेना.

"मॅडम, काठावर, पण पास!" तो म्हणाला. "अहो, काय झालं सांगू? परीक्षकाने होल्डचाच प्रश्न टाकला. हा गप्प. मी दाराशी उभा, मी म्हटलं गेलं पुन्हा. तर हा खुर्चीवरून उठला. हात असे पोटासमोर धरले अन् उभाच राहिला. म्हणाला, माय फादर, मेनी शीप, बिग विंड. फादर नॉट कॅच. फादर स्टँड, शीप स्टे. धिस इज होल्ड. क्रेन सेम. परीक्षकाने बघा लिहून घेतलं अन् पुढचा प्रश्न विचारला. मग पुढची उत्तरं दिली की त्याने, अडखळत का होईना."

सुहासिनीने फोन ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "काच बंद करा की," ती मला म्हणाली. काचा बंदच होत्या.

पास झाला याचा अर्थ तो जाणार, हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नव्हतं. परवाना मिळालेल्या ऑपरेटरांना दक्षिणेकडच्या नव्या साइटवर पाठवायचं ठरलं. आमचंही सामान बांधून होत आलं होतं. आलोकचा मफलर तिने न बोलता नाशिकच्या पेटीत भरला. एका शुक्रवारी कामगारांची बस आमच्या एगैला वस्तीतल्या मॉलसमोर थांबली, लोक साबण-बिस्किटं घ्यायला उतरले, आणि लिउ इस्त्रीचा शर्ट घालून आम्हाला भेटायला आला. आम्ही पार्किंगमध्येच उभे होतो. त्याने चहाचा एक डबा दिला, चिनी अक्षरांचा. हिने शंकरपाळ्यांची पिशवी दिली. फार बोलणं झालं नाही. दोघांनाही एकमेकांच्या भाषेत रडता येत नव्हतं.

बसवाल्याने हॉर्न दिला. लिउ कमरेत वाकला आणि निघाला. पण त्याने पाठ वळवली नाही. आमच्याकडे तोंड करून तो एकेक पाऊल मागे टाकत चालू लागला. ट्रॉल्या ढकलणारी माणसं त्याला चुकवून जाऊ लागली.

"अगं, हा उलटा का चाललाय?" मी विचारलं.

"मला समोरून हाक मारता यावी म्हणून," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

चालता चालता त्याने खिशातून पास काढून तिला दाखवला. मग सिव्हिल आयडी, इथलं ओळखपत्र. मग चष्मा. मग शंकरपाळ्यांची पिशवी उंच धरली. सगळं घेतलं होतं. काहीच राहिलं नव्हतं, हाक मारायला काही कारणच नव्हतं. बस आता त्याच्या अगदी जवळ आली होती.

सुहासिनीने दोन्ही हात पोटासमोर आणले आणि एकमेकांत घट्ट धरले.

लिउ जागच्या जागी थांबला. भर पार्किंगमध्ये, ऊन डोक्यावर, पिशवी हातात. त्याच्या मागे एक मोठी गाडी येऊन अडली आणि हॉर्न वाजवू लागली. तो हलला नाही. बसमधली माणसं खिडक्यांतून बघू लागली. मी तिला पुरे म्हणालो नाही. स्वतःसाठी तिने उभ्या आयुष्यात कुणाला थांबवलं नव्हतं. गाडीवाल्याने पुन्हा हॉर्न दिला.

मग तिने हात सोडले, आणि तो पाठ फिरवून बसकडे गेला.